मालाबरोबर येणारा धूर : आयातीवरील कार्बन कराच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंबईच्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडावर १८९६ साली सरकारने साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. तिजोरीतली तूट भरण्यासाठी विलायती कापडावर आयात कर लावणे सरकारला भाग पडले होते. त्यावर लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ओरड केली, की आमच्या कापडावर कर आणि मुंबईच्या कापडावर नाही, ही स्पर्धा समान कशी? ती समान व्हावी म्हणून घरच्या मालावरही तेवढाच कर आला. तो पुरता जायला १९२६ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या अर्थचिंतनाने या कराचा भरपूर कीस काढला. गोपाळ कृष्ण गोखल्यांची अर्थसंकल्पावरची भाषणे वाचणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही.

आता युरोप म्हणतो, की आमच्या पोलादावर कार्बनचा खर्च पडतो आणि बाहेरून येणाऱ्या पोलादावर पडत नाही, तेव्हा ही स्पर्धा समान नाही. युक्तिवाद ओळखीचा आहे. या वेळी कर मात्र बाहेरच्या मालावर येतो. एवढ्या साम्यावरून युरोपला नव्या लँकेशायरची पदवी देऊन मोकळे होता येईल, आणि तशी भाषणे आपल्याकडे होतातही. मला ती वाट पुरेशी वाटत नाही, कारण लँकेशायरच्या मागणीमागे नफ्याखेरीज काही नव्हते आणि तापणारे वातावरण ही खरी गोष्ट आहे. पण त्या जुन्या वादाने आपल्याला एक सवय लावली. ‘समान स्पर्धा’ हे शब्द कानावर आले की मोजले काय, मोजले कोणी आणि पैसा गेला कुठे, हे विचारायचे. आयात मालावरच्या कार्बन कराच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्याने हे तीन प्रश्न बरोबर घेऊन यावे. अर्थशास्त्राची पदवी नसली तरी चालेल. धातुशास्त्राचा अभियंता, आयात-निर्यातीची कागदपत्रे करणारा, आंतरराष्ट्रीय कायद्याचा विद्यार्थी, कारखान्याचा हिशेबनीस, या सगळ्यांना इथे काम आहे. उलट नुसत्या अर्थशास्त्रावर हा विषय उलगडत नाही, असाच अनुभव येतो.

पायाभूत कल्पना तशी जुनी आहे. केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे जे नुकसान होते ते कारखानदाराच्या हिशेबात येत नाही. तेवढा कर लावला तर येईल. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत शेजारी म्हणजे सगळी पृथ्वी. दोल्वीच्या भट्टीतून सुटलेला टन आणि डुइसबर्गच्या भट्टीतून सुटलेला टन, वातावरणाला दोन्ही सारखे. म्हणून तत्त्वतः सगळ्या जगात एकच किंमत हवी. ती नाही. युरोपीय संघाने २००५ पासून उत्सर्जन-परवान्यांचा बाजार चालवला. त्यात एका टनाचा भाव कित्येक वर्षे दहा युरोच्याही खाली रेंगाळला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने पहिल्यांदा शंभरी गाठली. इतर बहुतेक देशांत हाच टन फुकट होता, किंवा जवळजवळ फुकट.

मग भीती अशी, की युरोपातली भट्टी बंद पडेल, तेच पोलाद दुसरीकडे अधिक धूर करून बनेल आणि युरोपात परत विकले जाईल. अभ्यासक याला कार्बन गळती म्हणतात. गळतीच्या वाटा दोन आहेत आणि नवा वाचक बहुधा पहिलीच पाहतो. पहिली वाट कारखान्याच्या स्थलांतराची. दुसरी इंधनाच्या भावाची : युरोपने कोळसा आणि तेल कमी जाळले, तर जगाच्या बाजारात ते स्वस्त होते आणि दुसरे कोणी जास्त जाळते. सीमेवरचा कर पहिली वाट अडवू शकतो. दुसरीपुढे त्याचे काही चालत नाही.

गळती खरोखर किती होते? प्रतिमाने एक सांगतात आणि मागे वळून केलेले अभ्यास दुसरे. अनेक प्रतिमाने एकत्र ठेवून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत गळतीचा अंदाज ५ ते १९ टक्के आला, सरासरी १२. म्हणजे श्रीमंत देशांनी शंभर टन वाचवले की त्यातले बारा बाहेर परत सुटतात. सीमेवरच्या कराने ही सरासरी ८ वर येते. याउलट युरोपात प्रत्यक्ष घडलेल्या व्यापाराचे आकडे तपासणाऱ्यांना गळतीच्या खुणा फारशा सापडलेल्या नाहीत. यावरून गळती हा बागुलबुवा आहे असे म्हणण्याची घाई करू नये. त्या काळात परवान्यांचा भाव कमी होता, आणि मुख्य म्हणजे अवजड उद्योगांना बरेचसे परवाने फुकट वाटले जात होते. ज्या आजारावर औषध चालू होते, त्या आजाराची लक्षणे दिसली नाहीत, एवढेच त्यातून कळते.

सीमेवर बरोबरी साधणारा कर ही चमत्कारिक कल्पना नव्हे. आपल्याकडे परदेशातून यंत्र आणले की सीमाशुल्काबरोबर आयजीएसटी भरावा लागतो, कारण तेच यंत्र देशात घेतले असते तरी जीएसटी पडलाच असता. निर्यातीवर तो माफ होतो किंवा परत मिळतो. कोणी याला भेदभाव म्हणत नाही. कार्बनची अडचण इथून पुढे सुरू होते. जीएसटी बिलावर छापलेला असतो. कार्बन कशावरच छापलेला नसतो. पोलादाच्या कॉइलकडे कितीही वेळ पाहत बसा, ती ब्लास्ट फर्नेसमधून आली की भंगार वितळवून झाली, हे कळायचे नाही. दोन्हींची ताकद तीच, चकाकी तीच, आणि मागे सोडलेल्या धुरात मात्र कित्येक पटींचा फरक.

युरोपच्या व्यवस्थेचे नाव कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम, सोयीसाठी सीबॅम. डिसेंबर २०१९ च्या हरित कराराच्या घोषणेत तिचा उल्लेख होता, जुलै २०२१ मध्ये मसुदा आला, मे २०२३ मध्ये नियम झाला. ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ अखेरपर्यंत आयातदारांनी नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशेब चालू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज एवढ्यांनाच ती सध्या लागू आहे. आयातदाराने मालातल्या प्रत्येक टन उत्सर्जनामागे एक प्रमाणपत्र घ्यायचे आणि प्रमाणपत्राचा भाव युरोपातल्या परवान्याच्या भावाला बांधलेला. २०२६ च्या मालासाठीची प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळतात. कायद्यात याला कर म्हटलेले नाही. युरोपीय संघात कर म्हटले की सगळ्या सदस्य देशांचे एकमत लागते, ही गोष्ट मसुदा करणाऱ्यांच्या मनात नसेलच असे नाही. आपण मात्र या लेखात कर म्हणू, कारण भरणाऱ्याला तो करासारखाच लागतो.

आता आकड्यांकडे थोडे थांबून पाहू, कारण वर्तमानपत्रांतून सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. युरोपातल्या कारखान्यांना मिळणारे फुकट परवाने एकदम बंद होत नाहीत. २०२६ मध्ये त्यांतले २.५ टक्के कापले जातात, २०२७ मध्ये ५, २०२८ मध्ये १०, २०३० मध्ये ४८.५ आणि २०३४ मध्ये सगळे. सीमेवरचा बोजा त्याच मापाने वाढतो. यावरून बातमी अशी होते, की पहिल्या वर्षी फक्त अडीच टक्के कर आहे, काळजी नको. हा समज चुकीचा आहे. फुकट परवाने मिळतात ते एका मानदंडापुरते. चांगल्या भट्टीला जेवढे उत्सर्जन लागावे तेवढ्यापुरते. आयात मालालाही सूट मिळते ती तेवढीच. मानदंडाच्या वरचे सगळे उत्सर्जन पहिल्या दिवसापासून पूर्ण भावाने मोजले जाते. समजा, एका टन पोलादामागे २.५ टन उत्सर्जन आहे, मानदंड १.४ टनांचा आहे आणि परवान्याचा भाव ७५ युरो आहे. २०२६ मध्ये सूट १.४ च्या साडेसत्त्याण्णव टक्के, म्हणजे १.३६५ टन. उरले १.१३५ टन. आकार झाला सुमारे ८५ युरो. २०३४ मध्ये सूट शून्य, आकार २.५ गुणिले ७५, म्हणजे १८७.५ युरो. पोलादाचा भाव टनाला ६०० युरो धरला तर पहिल्याच वर्षी चौदा टक्के आणि शेवटी एकतीस. हे उदाहरण मी गृहीत आकड्यांवर रचले आहे, भाव वर-खाली होतील. पण आकाराची वाढ कशी असते हे त्यातून कळावे. मानदंडाजवळ असलेल्या कारखान्याला पहिली वर्षे खरोखरच हलकी जातात. मानदंडापासून लांब असलेल्याला जात नाहीत.

भारतीय पोलाद लांब आहे. जगाची सरासरी एका टन पोलादामागे १.९ टनांच्या आसपास, आपली अडीचच्या. हा फरक निव्वळ गलथानपणाचा आहे असे समजणे अन्यायाचे होईल. लोहखनिज म्हणजे लोखंडाला चिकटलेला ऑक्सिजन; तो सोडवून घ्यायला कार्बन लागतो. ब्लास्ट फर्नेसमधला कोक नुसता जळत नाही, तो ही रासायनिक ओढाताण करतो, आणि त्यातून निघालेला वायू म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. भट्टी कितीही सुधारली तरी या रसायनाला एक तळ आहे. त्याखाली जायचे तर नैसर्गिक वायू, हायड्रोजन किंवा भंगार हवे. स्वस्त वायू आपल्याकडे नाही, म्हणून आपण दगडी कोळशावर स्पंज आयर्न करणाऱ्या फिरत्या भट्ट्या उभारल्या आणि त्यात जगात पहिले आलो. राहिले भंगार. भंगार व्हायला पोलाद आधी जुने व्हावे लागते. ज्या देशांनी पूल, रेल्वे आणि मोटारी शंभर वर्षांपूर्वी बांधल्या, त्यांच्याकडे आज भंगाराचे डोंगर आहेत. भारतात माणशी पोलादाचा वापर वर्षाला शंभर किलोच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्माही नाही. आपल्या उत्सर्जनाच्या आकड्यात आपल्या उद्योगाचे वयही मिसळलेले आहे, आणि सीमेवरच्या तक्त्यात वयाचा रकाना नाही.

पण ‘मोजले काय’ या प्रश्नाचे सर्वांत उद्बोधक उत्तर अ‍ॅल्युमिनियममध्ये सापडते. प्राथमिक अ‍ॅल्युमिनियमच्या एका टनाला चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. भारतात ही वीज बहुतांशी कारखान्याच्या स्वतःच्या कोळशाच्या केंद्रातून येते, त्यामुळे खरा धूर तिथे. तरीही सीबॅम अ‍ॅल्युमिनियम आणि पोलादाच्या बाबतीत सध्या फक्त प्रत्यक्ष उत्सर्जन मोजतो. विजेतून आलेले अप्रत्यक्ष उत्सर्जन मोजले जाते ते सिमेंट आणि खतांच्या बाबतीत. कारण घरगुती आहे. युरोपात काही देश आपल्या अ‍ॅल्युमिनियम उद्योगाला महाग विजेची भरपाई देतात. घरी भरपाई आणि सीमेवर आकार हे एकत्र टिकले नसते. परिणामी जगातल्या सर्वांत धूरकट अ‍ॅल्युमिनियमपैकी काही माल आज या दारातून बराच स्वस्तात आत जातो. विजेचा समावेश झाला तर चित्र एका वर्षात पालटेल. मोजपट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ठरवणे कराचा दर ठरवण्याइतकेच राजकीय असते, हे पटवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

मोजपट्टीचे दुसरे टोकही पाहावे. नट-बोल्ट सीबॅमच्या यादीत आहेत. तेच बोल्ट गिअरबॉक्समध्ये बसून युरोपला गेले तर नाहीत. पिंपरी-चिंचवड किंवा कोल्हापूरकडच्या उद्योजकाला यातली गंमत लगेच कळेल. कच्च्या मालावर कर आणि तयार मालावर नाही, तर तयार माल बाहेरून आणणे सोयीचे होते, आणि युरोपातलाच यंत्रनिर्माता अडचणीत येतो. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण जास्त असलेल्या सुमारे १८० तयार उत्पादनांपर्यंत जाळे वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. छोट्यांसाठी सूट आहे : वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदारांना व्यवस्थेतून वगळले. त्यामुळे सुमारे ९० टक्के आयातदार सुटले आणि तरी ९९ टक्के उत्सर्जन जाळ्यात राहिले, असा आयोगाचा दावा. फक्त ही सूट आयातदाराच्या आकारावर आहे. भोसरीतला कारखाना कितीही लहान असो, त्याचा युरोपातला ग्राहक मोठा असेल तर त्याला भट्टीनिहाय, इंधननिहाय हिशेब द्यावाच लागतो. तो दिला नाही तर ठोकळ आकडे लागू होतात, आणि ते मुद्दामच चढे ठेवलेले आहेत. मोठ्या कंपन्यांनी यासाठी स्वतंत्र विभाग उघडले. लहानाला सल्लागाराचे बिल पडते, ते कराच्या आधीच.

एवढा खटाटोप करून पर्यावरणाचे भले किती? व्यापार आणि विकासाचे काम पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या संस्थेने जुलै २०२१ मध्ये केलेला अंदाज या क्षेत्रात सतत उद्धृत होतो. टनाला ४४ डॉलर भाव धरला तर सीबॅममुळे गळती १३.३ टक्क्यांवरून ५.२ वर येते. जगाच्या उत्सर्जनात घट मात्र ०.१ टक्का. पहिला आकडा समर्थक सांगतात, दुसरा विरोधक. दोन्ही एकाच अहवालातले आहेत आणि त्यांत विसंगती नाही : गळती थोपवणे हे काम झाले, पण गळतच मुळात थोडे होते.

घट एवढी कमी का, याचे एक कारण जहाजात काय भरले जाते त्यात आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या विजेवर कार्बनची किंमत लावली. लगेच प्रश्न उभा राहिला, की शेजारच्या राज्यांनी जलविद्युत कॅलिफोर्नियाला पाठवायची आणि कोळशाची वीज घरी वापरायची ठरवली तर? कागदावर उत्सर्जन घटते, चिमणी तशीच धुमसते. पोलादातही हे सहज जमते. ज्याच्याकडे चार भट्ट्या आहेत तो सर्वांत स्वच्छ भट्टीचा माल युरोपसाठी ठेवील आणि उरलेला देशात विकील. आंब्याच्या पेटीत वरचा थर निवडक लावावा, तसेच हे; बाग त्याने सुधारत नाही. मालाची नुसती अशी फेरमांडणी शोधून काढणे हा या क्षेत्रातला आजचा सर्वांत कठीण प्रयोगसिद्ध प्रश्न आहे, आणि सीमाशुल्काच्या आकडेवारीत तो दिसत नाही. भट्टीच्या नोंदीत दिसतो.

मग हा कर निरर्थक म्हणायचा का? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण नियमाच्या नवव्या कलमात आहे. मूळ देशात कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरली असेल तर तेवढी वजा होते. या एका तरतुदीने अर्थमंत्र्यांपुढचे गणित बदलते : पैसा जाणारच असेल तर तो ब्रसेल्सला का जावा, आपल्याच तिजोरीत का राहू नये? तुर्कस्तानने २०२५ मध्ये हवामान कायदा केला. चीनने त्याच वर्षी आपला उत्सर्जन बाजार विजेपुरता न ठेवता पोलाद, सिमेंट आणि अ‍ॅल्युमिनियमकडे नेला. भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त करून जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्याही केली, टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर हरित आणि त्यात तीन ते पाच तारे. यांतले किती सीबॅममुळे आणि किती त्याशिवायही झालेच असते, हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य. अंक्टाडच्या ०.१ टक्क्यात हे काहीच धरलेले नाही. येल विद्यापीठातल्या विल्यम नॉर्डहाउस यांनी २०१५ मध्ये मांडलेली ‘हवामान क्लब’ची कल्पना याच दिशेची : बाहेर राहणाऱ्यावर सीमेवर आकार बसला की आत येण्यात फायदा दिसतो. नॉर्डहाउस यांच्या क्लबात आकार कार्बनवर नव्हता, सरसकट सगळ्या मालावर होता. ती कठोरता युरोपने घेतली नाही, हे बरेच झाले.

पण सक्तीने कोणी क्लबात येत नाही, याचाही अनुभव आहे. २०१२ मध्ये युरोपने आपल्या विमानतळांवर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या विमानांना उत्सर्जन बाजारात ओढले. मुंबई-लंडन उड्डाणाचा आपल्या आकाशातला धूरसुद्धा त्यात मोजायचा होता. भारत आणि चीन यांनी आपल्या कंपन्यांना माहिती देऊ नका असे बजावले, अमेरिकेत विरोधातला कायदा येऊ घातला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने परदेशी उड्डाणांपुरते घड्याळ थांबवले. सीबॅम लिहिणाऱ्यांनी तो धडा गिरवलेला दिसतो. या वेळी हिशेब परदेशी कंपनीकडून मागितलेला नाही, युरोपातल्या आयातदाराकडून मागितला आहे. त्याला नाही म्हणण्याची सोय नाही.

कायद्याच्या बाजूचा पाया घालणाऱ्या खटल्यात वादी आपणच होतो, ही बाब आपल्याकडे फारशी माहीत नाही. अमेरिकेने समुद्री कासवांना वाचवणारी जाळी न वापरणाऱ्या देशांच्या कोळंबीवर बंदी घातली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निकालात चौघे जिंकले. पण कशावर, ते पाहण्यासारखे आहे. माल बाहेर कसा तयार झाला यावरून आयात अडवताच येत नाही, असे अपील मंडळाने म्हटले नाही. नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणासाठी असे करता येईल. मात्र काही देशांशी वाटाघाटी आणि काहींना थेट बंदी, असा मनमानी भेद चालणार नाही, असे म्हटले. सीबॅमवरच्या प्रत्येक कायदेशीर लेखाची सुरुवात इथून होते. शेवट कुठे होईल हे मात्र सांगता येत नाही, कारण नव्या नेमणुका अडल्यामुळे ते अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. अंक्टाडच्या त्याच अंदाजात सीबॅममुळे विकसनशील देशांचे उत्पन्न ५.९ अब्ज डॉलरनी घटते आणि विकसित देशांचे २.५ अब्जांनी वाढते. जमा झालेला बहुतेक पैसा युरोपीय संघाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पाकडे वळवण्याचा बेत आहे. ज्यांच्या मालावर तो पडला, त्यांच्या भट्ट्या सुधारण्यासाठी त्यातला ठरावीक वाटा देण्याचे बंधन नाही. १९९२ च्या हवामान करारात सगळ्यांची जबाबदारी सामाईक पण वेगवेगळी मानली होती. सीबॅममध्ये टनाला भाव एकच, टन कोणाचाही असो. हे टाळता आले असते असे माझे मत आहे. मोजणी सगळ्यांना सारखी ठेवून वसुली परत पाठवली असती, तर प्रदूषणाला लगाम तोच राहिला असता आणि भारताच्या आक्षेपातली निम्मी हवा गेली असती. अर्थशास्त्राच्या दृष्टीने कराचा दर आणि कराचा विनियोग या दोन सुट्या गोष्टी आहेत. राजकारणात त्या कधीच सुट्या नसतात.

‘पैसा गेला कुठे’ हे आपण आपल्यालाही विचारायला हवे. भारताने २०१० मध्ये कोळशाच्या प्रत्येक टनावर ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. जगात फार थोड्या विकसनशील देशांनी असे केले होते. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांची नुकसानभरपाई करण्याकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कोळशावर भार होता आणि आहे. पण तो कार्बनवरचा म्हणून लावलेला नाही, उत्सर्जनाच्या टनांवर मोजलेला नाही, आणि सीबॅमच्या वजावटीत उभे राहायला नेमके तेच लागते. उपकराचे नाव आणि हेतू टिकवून धरला असता तर आज वाटाघाटीत हातात काही असते.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी ब्रसेल्सची कागदपत्रे जरा बाजूला ठेवून जालन्याचे नाव घेईन. तिथल्या इंडक्शन भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न यांचे मिश्रण विजेवर वितळवून सळया करतात. माल मुख्यतः देशातच खपतो, त्यामुळे युरोपच्या सीमेशी त्यांचा आज थेट संबंध नाही. भारताच्या स्वतःच्या कार्बन बाजाराशी मात्र कधीतरी येऊ शकतो. युरोपच्या पद्धतीने मोजले तर भट्टीची वीज हिशेबात येत नाही, पण घुग्गुसहून किंवा छत्तीसगडहून आलेल्या स्पंज आयर्नच्या मागचा कोळसा पुरेपूर येतो. वीज मोजणाऱ्या पद्धतीने हिशेब केला तर महाराष्ट्राच्या ग्रिडमधला कोळसाही आत येतो, आणि छतावर सौर पॅनल लावलेल्या कारखान्याचा आकडा शेजाऱ्यापासून वेगळा पडतो. म्हणजे तीच भट्टी, तीच सळई, आणि भंगाराचे प्रमाण किती व मोजपट्टी कोणती यावर ती स्वच्छही ठरेल आणि मळकटही. भंगाराचा भाव वाढला की मिश्रण बदलते, मिश्रण बदलले की उत्सर्जन बदलते. हा संबंध रोजच्या खरेदीच्या वह्यांतून बांधता येईल. त्यासाठी लागतात भट्टीमालकांचा विश्वास, एक वजनकाटा, विजेची बिले आणि वर्षभराची चिकाटी.